बाबा, माथेरानला यायचंय

ती. आई आणि बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात, फोन आईच्या हातात देतात आणि विषय संपतो. म्हणून पत्र.

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही माथेरानला जाऊन आलो. माझ्या डोक्यात सगळा वेळ तुम्हा दोघांना इथे आणता येईल का, हेच होतं. त्यामुळे दऱ्या कमी आणि पायऱ्या, बाकं, बाथरूमच जास्त बघितली. निखिल म्हणाला, तू फिरायला आलीस की हॉटेलं तपासायला?

बाबांची पहिली हरकत गुडघ्यांची असणार. माथेरानला मोटारी जात नाहीत, हे खरं आहे. नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत सोडते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी, कुठे सपाट तर कुठे चढ. आई चालेल, मला खात्री आहे. बाबांसाठी दस्तुरीजवळ अमन लॉज नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथून छोट्या रेल्वेगाडीची शटल थेट माथेरान स्टेशनात नेते. शटलची वेळ जमली नाही तर ई-रिक्षा आहेत.

हातरिक्षा आम्हाला दिसल्या. एक पुढे ओढतो, दुसरा मागून ढकलतो, चढावर दोघांची धाप ऐकू येते. आम्हाला भेटलेल्या एका रिक्षात बसलेल्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की इथे रेंजच नाही, फार हाल आहेत. बाबा, तुम्ही त्यात मरेपर्यंत बसणार नाही, हे मला माहीत आहे आणि मीही बसवणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध आहे, त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे. पण एवढी वर्षं चढ ओढून ज्यांची पाठ गेली, त्यांच्या बाजूने कुणीतरी बोललं, हे मला बरं वाटलं. आमचा ई-रिक्षावाला आधी हातरिक्षाच ओढायचा. पाठ आता कशी आहे विचारलं, तर म्हणाला, "दुखते. पण आता बसून दुखते."

दुसरी हरकतही मला पाठ आहे: "गोऱ्या साहेबांना उकडायला लागलं म्हणून वसवलेली गावं ती, त्यात आपण काय बघायचं?" वसवलं त्यांनीच, नाकारत नाही. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होता, तो हा डोंगर चढला आणि त्याने माथेरान "शोधलं". वर जाताना चौकचा पाटील त्याच्याबरोबर होता. वाट पाटलाच्या पायाखालची आणि शोध साहेबाचा! मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, बंगले झाले आणि टोकाटोकाला लुईझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन अशी नावं चिकटली. त्यांच्यात रामबाग पॉइंट आणि पिसरनाथाचं देऊळ तेवढं आपल्या ओळखीचं वाटतं. पिसरनाथ इथलं ग्रामदैवत, शार्लट तलावाच्या अगदी कडेला. आईला आवडेल, गर्दी नाही आणि सावली गच्च.

रेल्वे मात्र साहेबाच्या पैशाची नाही. मुंबईचे आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेनने, ती बांधून घेतली. १९०४ साली काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली. रूळ जेमतेम दोन फूट रुंदीचे, नेरळपासून वीसेक किलोमीटर. २००५ च्या जुलैच्या पावसात मार्ग वाहून गेला, तो २००७ मध्ये उभा राहिला. २०१९ मध्ये पुन्हा बंद पडला, ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाला. पावसाळ्यात खालची गाडी बंदच असते, फक्त वरची शटल चालते. नेरळपासून पूर्ण गाडीने यायला अडीच तासांच्या वर लागतात आणि तिकीट मिळणं कठीण, म्हणून तुमच्यासाठी टॅक्सी आणि शटलच बरी.

आणि आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. बाबा, भाई कोतवाल माथेरानचे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म इथलाच, १ डिसेंबर १९१२ चा. नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आला, शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून धान्याची पेढी काढली. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. तुम्ही वीज मंडळात असताना उन्हातान्हात मनोरे उभे करत हिंडलात. एक मनोरा उभा करायला किती माणसं लागतात, हे तुमच्याकडूनच ऐकत मी मोठी झाले. तेच मनोरे मूठभर माणसं रात्री अंधारात, पोलिसांना चुकवत कापत होती. कसं जमलं असेल, हे मला कळत नाही. तुम्हाला नक्की कळेल, कुठला पाय आधी कापायचा, तारांचा ताण कुठल्या बाजूला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी कोतवालांना आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे. माथेरानला त्यांचं स्मारक आहे. मी तिथे उभी असताना येणारे-जाणारे चिक्कीची दुकानं विचारत होते. तुमच्याबरोबर तिथे उभं राहायचंय मला.

पॉइंट सगळे बघायचे नाहीत, सांगून ठेवते. तीन-चार झाल्यावर सगळ्या दऱ्या सारख्याच दिसायला लागतात. लुईझावरून प्रबळगड समोर येतो, तो बघू. चौकच्या बाजूने इर्शाळगड दिसतो. आई, जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा तू दोन दिवस टीव्हीसमोरून उठली नव्हतीस. ती वाडी त्याच गडाच्या अंगावर होती. मी तिकडे फार वेळ बघू शकले नाही.

संध्याकाळी पॉर्क्युपाइनवर सूर्यास्ताला गर्दी होते, तिथे लवकर जाऊन बाक धरायचं, ते काम निखिलचं. खोली तळमजल्याची आणि कमोडवाली बघून ठेवली आहे. जेवण साधं, वरण-भात-पोळी मिळतं. आई, चकल्या-लाडू बांधून आणू नकोस. माकडं हातातली पिशवी ओढतात, पर्स उघडायलाही भीत नाहीत. शाल मात्र आण, आपण आठशे मीटरवर असू. आणि चपला तिथे छान मिळतात, बाजारात तुझ्या मापाच्या बघून आले आहे.

जानेवारीत या. मिरजेहून रात्री महालक्ष्मीत बसा, पहाटे कल्याणला उतरा, मी फलाटावर असेन. दोन दिवस डोंबिवलीत आराम करायचा, मग कर्जत लोकलने नेरळ. ज्येष्ठांची तिकिटातली सवलत २०२० पासून बंदच आहे. बाबा, त्यावरून रेल्वेला काय बोलायचं ते गाडीत बसल्यावर बोला. खालचे बर्थ मागून बघते. त्यासाठी दोघांच्या आधार कार्डांचे फोटो शेजारच्या मुलाकडून काढून घेऊन मला आजच पाठवा. आईच्या कार्डावर जन्मसाल चुकलेलं होतं, ते दुरुस्त करून आणलंत का तेही कळवा.

तुमची,
मनू