अविभाज्य सुरक्षेचा अर्धाच परिच्छेद

महोदय,

पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या सुरक्षाविषयक चिंतांकडे तीस वर्षे काणाडोळा केला आणि युक्रेनमधील युद्ध ही त्याचीच परिणती आहे, अशा आशयाचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचनात आला. त्यातील पूर्वार्ध बऱ्याच अंशी मान्य करावा लागेल. नाटो पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही, असे अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी फेब्रुवारी १९९० मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याशी बोलताना म्हटले होते. ते कोणत्याही करारात उतरले नाही हे खरे, पण मॉस्को ते विसरलेही नाही. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना नाटोने युगोस्लाव्हियावर केलेला बॉम्बवर्षाव आणि २००२ मध्ये क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवरील करारातून अमेरिकेने घेतलेली माघार यांनी मॉस्कोच्या नाराजीत भरच घातली. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथील नाटोच्या बैठकीत युक्रेन व जॉर्जिया नाटोचे सदस्य होतील असे जाहीर झाले, पण केव्हा होतील आणि तोवर त्यांचे रक्षण कोण करणार, हे सांगितलेच नाही. रशियाला डिवचायचे आणि शेजाऱ्यांना उघड्यावर ठेवायचे, अशी दुहेरी चूक त्या एका निर्णयात होती.

लेखाचा उत्तरार्ध मात्र रशियन परराष्ट्र खात्याचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलतो. ‘अविभाज्य सुरक्षा’ हे त्या युक्तिवादाचे मर्म असून, एका देशाने दुसऱ्याच्या सुरक्षेच्या मोबदल्यात आपली सुरक्षा वाढवू नये, असा त्याचा अर्थ मॉस्को लावते. यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये इस्तंबूल येथे युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेने स्वीकारलेल्या युरोपीय सुरक्षेच्या सनदेचा दाखला वारंवार दिला जातो. सनदेच्या आठव्या परिच्छेदात हे तत्त्व आहेच. परंतु त्याच परिच्छेदात, या वाक्याच्या आधी, प्रत्येक देशाला आपल्या सुरक्षेची व्यवस्था, अगदी लष्करी युतीसुद्धा, स्वतः निवडण्याचा व बदलण्याचा अधिकार आहे असे म्हटले आहे. आणि या वाक्याच्या नंतर, कोणत्याही देशाने वा देशांच्या गटाने संघटनेच्या प्रदेशातील कोणताही भाग आपले प्रभावक्षेत्र मानू नये, असेही बजावले आहे. पाश्चात्त्य राजधान्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवतात आणि मधल्यावरून घाईने पुढे सरकतात. मॉस्को मधले वाक्य मोठ्याने वाचते आणि तिसऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. या सनदेवर रशियाचीही स्वाक्षरी आहे.

हे तिसरे वाक्य का गाळले जाते, याचे उत्तर १७ डिसेंबर २०२१ रोजी रशियाने प्रसिद्ध केलेल्या दोन मसुद्यांत सापडते. एक मसुदा अमेरिकेसाठी होता, दुसरा नाटोसाठी. युक्रेनचे नाव मसुद्यात होते, चर्चेच्या मेजावर मात्र युक्रेनला खुर्ची नव्हती. नाटोच्या जुन्या सदस्यांनी आपले सैन्य २७ मे १९९७ च्या स्थितीवर न्यावे, अशी त्यात मागणी होती. म्हणजेच पोलंडपासून एस्टोनियापर्यंत, त्या तारखेनंतर सदस्य झालेल्या चौदा देशांच्या संरक्षणाचा निर्णय त्यांना वगळून व्हावा, अशी अपेक्षा होती. पुढे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव यांनी अमेरिका, कॅनडा व युरोपातील परराष्ट्रमंत्र्यांना अविभाज्य सुरक्षेविषयी पत्रे धाडली आणि प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे उत्तर द्यावे, असे सांगितले. युरोपीय संघाने आपल्या सर्व सदस्यांच्या वतीने एकच उत्तर दिले, तेव्हा मॉस्कोने नाराजी व्यक्त केली. एकेकट्या देशाशी बोलणे मोठ्या शेजाऱ्याला सोयीचे असते, हे ओळखायला मुत्सद्दी असावे लागत नाही.

रशियाने अमेरिकेसाठी केलेल्या त्याच मसुद्यात, उभय पक्षांनी आपल्या देशाबाहेर अण्वस्त्रे ठेवू नयेत, असे कलम होते. कल्पना चांगली होती. मात्र मार्च २०२३ मध्ये बेलारूसमध्ये रणांगणावर वापरायची (टॅक्टिकल) अण्वस्त्रे ठेवण्याची घोषणा खुद्द पुतिन यांनीच केली. अमेरिका युरोपात तेच करते, हा त्यावरचा खुलासा वस्तुस्थितीला धरून आहे, पण मग तत्त्व कुठे उरले?

या सगळ्यात सर्वांत बोलके उदाहरण फिनलंडचे आहे. सोव्हिएत संघाशी झालेल्या १९४८ च्या मैत्री करारापासून या देशाने मॉस्कोची मर्जी सांभाळत आपली लोकशाही टिकवली. १९७५ मध्ये पस्तीस देशांची युरोपीय सुरक्षा व सहकार्य परिषद हेलसिंकीत भरली, त्यामागेही दोन्ही गटांना चालणारे यजमान ही फिनलंडची ओळख होती. नाटोत जाण्याला तेथील जनमताचा पाठिंबा अनेक वर्षे वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास घुटमळत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर काही आठवड्यांतच तो पन्नाशी ओलांडून मे महिन्यात सत्तरीच्या पुढे गेला. हे तुम्हीच ओढवून घेतले आहे, आरशात पाहा, असे राष्ट्राध्यक्ष साउली नीनिस्तो त्या वेळी रशियाला उद्देशून म्हणाले. ४ एप्रिल २०२३ रोजी फिनलंड सदस्य झाला आणि सुमारे १,३४० किलोमीटरच्या सीमेची भर पडून नाटो व रशियाची सामायिक भूसीमा दुपटीहून अधिक झाली. पाठोपाठ मार्च २०२४ मध्ये स्वीडनने दोन शतकांची अलिप्तता सोडली. नाटोला दूर ठेवणे हाच रशियाचा उद्देश होता, तर त्याची इतकी मोठी फसगत वॉशिंग्टनने ठरवूनही केली नसती.

शेजाऱ्यांची भीती हा केवळ अमेरिकेच्या प्रचाराचा परिणाम असल्याचे रशियन प्रवक्ते सांगतात. परंतु १९४० मध्ये सोव्हिएत संघात बळजबरीने सामील केल्या गेलेल्या एस्टोनिया, लाटविया व लिथुआनिया या बाल्टिक देशांना ही भीती कोणी शिकवावी लागत नाही. २००८ च्या जूनमध्ये रशियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी बर्लिनमध्ये नव्या युरोपीय सुरक्षा कराराची कल्पना मांडली. ऑगस्टमध्ये जॉर्जियाशी युद्ध झाले आणि जॉर्जियापासून फुटलेल्या अबखाझिया व दक्षिण ओसेटियाला रशियाने एकतर्फी मान्यता दिली. कराराचा मसुदा पुढच्या वर्षी आला, तेव्हा तो गांभीर्याने वाचणारे फारसे कोणी उरले नव्हते.

युक्रेनविषयक ठरावावर भारताने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तटस्थ राहतानाही सर्व देशांचे सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता यांचा आदर व्हावा, असे आपल्या निवेदनात नोंदवले होते. रशियाशी असलेली जुनी मैत्री राखूनच ते म्हटले गेले. आपल्या दैनिकानेही रशियन भूमिका अवश्य छापावी, कारण ती समजून घेतल्याशिवाय उद्याची कोणतीही तडजोड कळणार नाही. मात्र तिच्या शेजारी वॉर्सा, टॅलिन वा हेलसिंकी येथील अभ्यासकांचे लेखनही यावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक, सांगली