नाट्यगृहासोबत एक रिकामं दालनही बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या शहरातल्या नाट्यगृहाच्या नूतनीकरणाची बातमी आपल्या अंकात वाचली. नव्या खुर्च्या, वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, स्वच्छतागृहं, सगळंच हवं आहे. त्यातही स्वच्छतागृहं आधी! पण आराखड्यात पुन्हा तेच एकुलतं एक सभागृह दिसतं: कमानीच्या चौकटीतला उंच रंगमंच आणि समोर जमिनीत बोल्ट मारून पक्क्या केलेल्या खुर्च्या.

कमानी रंगमंचाशी माझं भांडण नाही. दौऱ्यावरच्या नाटकाचा सेट दुपारी ट्रकमधून उतरतो आणि तिसऱ्या घंटेपर्यंत उभा राहतो, तो गावोगावच्या विंगा-झालरींची (बाजूच्या आणि वरच्या पडद्यांची) रचना सारखी असते म्हणूनच. पण प्रत्येक नाटक समोरूनच बघायचं नसतं. कोकणात देवळाच्या सभामंडपात दशावतार एका बाकड्यावर रात्रभर चालतो, आणि लोक बाजूंनीही दाटीवाटीने बसलेले असतात. अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते रिंगणनाट्य करतात, त्यात तर प्रेक्षक चहूबाजूंनी.

चारी बाजूंनी प्रेक्षक आले की नाटक बसवायची रीतच बदलते. नेपथ्यातल्या भिंतींचे उभे फ्लॅट चालत नाहीत, कपाट मध्ये आलं की एक अख्खी बाजू आंधळी होते. नटाची पाठ सतत कुणाकडे तरी असणारच, म्हणून त्याला हालचालीतून फिरत राहावं लागतं. दिवे जवळजवळ डोक्यावरून घ्यावे लागतात, नाहीतर समोरच्या रांगेच्या डोळ्यांत जातात. खेळायची जागा जमिनीलगत आणि प्रेक्षक पायऱ्यापायऱ्यांनी वर, ही मांडणी उंच रंगमंचाच्या सभागृहात करायची कुठे?

आम्ही हौशी मंडळींनी यावर एक उपाय काढला. दर्शनी पडदा पाडला, प्रेक्षकांना रंगमंचावरच लेव्हल्सवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यांवर, बसवलं आणि मधल्या जागेत एकांकिका केली. पलीकडे शेकडो खुर्च्या रिकाम्या, भाडं मात्र पूर्ण सभागृहाचं. वर व्यवस्थापकांनी ‘असं चालत नाही’ म्हणून ऐकवलं, ते वेगळंच.

मुंबईत हे प्रश्न कधीच सुटलेत. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये १९७८पासून प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. जेमतेम २०० जागा, पण नटाच्या पापणीची हालचालही दिसते. एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलासंस्थेच्या एक्स्परिमेंटल थिएटरमध्ये सुमारे ३०० आसनं हवी तशी मांडता येतात. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमधून प्रायोगिक रंगभूमीची अख्खी चळवळ उभी राहिली. तिथे ना मखमली पडदा होता, ना गुबगुबीत खुर्च्या. जिल्ह्याच्या गावाला मात्र आजही हजार आसनांचं सभागृह नाहीतर मंगल कार्यालय, अधलंमधलं काही नाही.

मागणी साधी आहे. नाट्यगृहाच्या आवारात शंभर-दीडशे माणसं मावतील असं एक चौकोनी दालन बांधा. सपाट, मजबूत जमीन, काळ्या भिंती, वर दिवे टांगायला पाइपांची जाळी, सुट्या खुर्च्या आणि हलवता येतील अशा लेव्हल्स. कायमचा चौथरा कृपया बांधू नका; सत्कार समारंभांसाठी तो मोठ्या सभागृहात आहेच. आराखड्याला अंतिम मंजुरी देण्यापूर्वी गावात नाटक करणाऱ्यांना एकदा बोलावून विचारा, आणि या दालनाचं भाडं तिकीटविक्रीतून निघेल इतकंच ठेवा.

– एक हौशी रंगकर्मी