दोन मॅग्नेटो, एकच शाफ्ट

संपादक महोदय,
छोट्या विमानात सगळं दुहेरी असतं, हा समज अर्धाच खरा. सिलिंडरला दोन-दोन स्पार्क प्लग असतात, पण सेस्ना १७२-एनच्या इंजिनात दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी यंत्रं, एकाच पेटीत, एकाच शाफ्टवर फिरतात. शाफ्ट तुटला की दोन्ही गेले. बहुतेक छोट्या विमानांत पिटो नळीही, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगमापकाला पोचवणारी नळी, एकच. आपल्या किनारपट्टीवर उघड्यावर उभ्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशी माती भरते आणि वेगमापक शून्यावरच राहतो. म्हणून इंजिन बंद होताच नळीवर लाल पट्टीचं झाकण घाला, निघण्याआधी आठवणीने काढा. नळीत फुंकर मारू नका, मापक बिघडतं. धावपट्टीवर धाव घेताना काटा हलला नाही, तर थ्रॉटल मागे घेऊन तिथेच थांबा. हवेत गेल्यावर दुसरा मापक नसतो.

— विमान देखभाल तंत्रज्ञ, रत्नागिरी