वजरीने घासलेली नम्रता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला नम्रतेवरचा लेख वाचला. चहा गार झाला तरी वाचत होतो, म्हणजे लिहिलाय चांगला, हे आधीच कबूल करतो. पण नम्रता हे ख्रिस्ती माणसाचं गर्वाविरुद्धचं कवच आहे आणि ते रोज सकाळी अंगावर चढवावं, हे काही पचलं नाही. कवच चढवलेल्या माणसाला दिवसभर ठाऊक असतं की आपण कवच घातलंय. येता-जाता आरशातही बघतो तो. मग ‘मी किती नम्र’ हा गर्व त्या कवचाच्या आतच बिऱ्हाड करतो, आणि तिथून त्याला हुसकावणार कोण? बायबलात लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून काय सांगत होता? आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशांश देतो. खोटं काहीच बोलत नव्हता बिचारा.

माझंच सांगतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पाय धुण्याचा विधी असतो. गेल्या वर्षी त्यासाठी आमच्या चर्चमध्ये जे बाराजण निवडले, त्यांत मी होतो. (निवड कशी होते हे मंडळीतल्या कुणालाही विचारा. रंगकामाच्या वर्गणीची पावती सोबत ठेवून विचारा.) आदल्या रात्री मोरीत पाटावर बसून मी वजरीने टाचा घासल्या, नखं कापली. लक्ष्मी रोडवरून नवे मोजे आणले होते. सौ. दारात उभी राहून म्हणाली, “पाय धुवून घ्यायला चाललाय की दाखवायला?” मी म्हटलं, पाळकसाहेबांनी काय घाणेरड्या पायांना हात लावायचा? केवढं नम्र उत्तर दिलं, असं तेव्हा वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी बारा खुर्च्या, त्यांना पांढरी कव्हरं, पितळी घंगाळ, कोमट पाणी. पाळकसाहेबांनी माझ्या उजव्या पायावर पाणी घातलं, तर फोटोवाला म्हणाला, “सर, एकदा परत.” आणि परत घातलं! पाणी आवारातल्या नळावरून आमचा शिपाई दुपारपासून बादल्यांनी आणत होता. त्याच्या टाचांच्या भेगांत आठ आण्याचं नाणं उभं राहील. विधी संपल्यावर आम्ही खुर्च्यांवरच गप्पा मारत बसलो होतो, आणि तो खाली बसून सांडलेलं पाणी फडक्याने पुसत होता. त्याला पुसता यावं म्हणून मी पाय वर उचलले. बोलणं न थांबवता.

हे मला रात्री घरी आल्यावर आठवलं. चर्चमध्ये नाही.

लेखक महाशयांनी पाय धुणाऱ्याचंच कौतुक केलंय. पण योहानाच्या तेराव्या अध्यायात अडून बसतो तो शिष्य पेत्र, ज्याचे पाय धुवायचे होते तो! धुळीच्या रस्त्यावरून आलेले, चपलांतले पाय. ते धुणं हे घरच्या गड्याचं काम. गुरूने ते करावं हे त्याला सोसवेना. आपला मळ दुसऱ्याच्या हातात द्यायला माणसाला फार जड जातं, म्हणून तर आम्ही घरूनच धुवून जातो. लेखात पोप फ्रान्सिस यांचा दाखला आहे. २०१३ साली, निवड होऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा त्यांनी रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या. दाखला उत्तम. पण रोमपर्यंत जायचं कशाला, आमच्या बादल्या उचलणाराला तेराव्या खुर्चीवर तरी बसवा.

यंदा माझं नाव यादीत नव्हतं, त्याची ही पोटदुखी, असं मंडळीत म्हणतीलच. थोडी आहेही.

आणखी एक. पंडिता रमाबाईंना ‘नम्रतेची मूर्ती’ म्हणून मोकळे होऊ नका. इंग्लंडात ज्या सिस्टर मंडळींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्या १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही पत्रांतून वाद घालत राहिल्या. पटल्याशिवाय मान डोलावली नाही. आणि याच बाईंनी उतारवयात, केडगावी, हिब्रू आणि ग्रीकची पुस्तकं पुढ्यात घेऊन अख्खं बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. छापखान्यात खिळे जुळवायलाही आश्रमातल्याच मुली-बाया. मान खाली घालणं वेगळं आणि हे वेगळं. आमच्याकडे मात्र पंचांना हिशोब विचारला की लगेच ‘नम्र व्हा’ असा उपदेश मिळतो.

जाता जाता, आपल्याच अंकाबद्दल. गुड फ्रायडेला आमच्या चौकात सात चेहऱ्यांचा, हात जोडलेला फ्लेक्स होता: ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. त्याच मजकुराची जाहिरात आपण पहिल्या पानावर घेतलीत! अहो, प्रभूला खिळे ठोकले तो दिवस तो. ईस्टर दोनच दिवसांनी असतो, तोवर दम धरायला सांगा त्यांना.

आपला,
एक जुना वाचक, नाना पेठ, पुणे

ता. क. : पत्राखाली माझं नाव छापू नये. अगदी काही छापायचंच झालं, तर ‘निवृत्त मुख्याध्यापक’ एवढं पुरे.