पान्याचं चित्र असलेलं पोर्ट

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरचा तुमच्याकडचा देखभाल-करार संपून चार महिने झाले होते. फोन ठेवून द्यायला तेवढं कारण पुरलं असतं. तरी तुम्ही दीड तास लाइनवर थांबलात, म्हणून हे जाहीर पत्र.

रात्रीचा बॅकअप सुरू झाला की सर्व्हर आपोआप रीस्टार्ट व्हायचा. त्या सकाळी तर बंदच पडलेला, पुढे पिवळा दिवा. लिनक्सच्या लॉगमध्ये ओळी मध्येच तुटलेल्या, कारण कुठेच नाही. मी यूपीएसवाल्याला दोनदा बोलावून त्याचं डोकं खाल्लं होतं. (त्याचीही माफी मागायची राहिलीय.)

तुम्ही विचारलंत, "मागे पान्याचं चित्र असलेलं पोर्ट दिसतंय का?" तीन वर्षं ते पोर्ट मी रिकामंच पाहत आलो होतो. मशीन बंद असलं तरी प्लग लावलेला असेपर्यंत आतला बीएमसी (सर्व्हरवर नजर ठेवणारा छोटा स्वतंत्र संगणक) स्टँडबाय विजेवर जागा असतो, त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, हे तेव्हा कळलं. त्या पोर्टला लॅपटॉप जोडून 'आयपीएमआयटूल' या बीएमसीशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमने त्याचा इव्हेंट लॉग, म्हणजे घटनांची नोंदवही, उघडला. पहिली चूक मीच करणार होतो: यादी लांबलचक दिसली म्हणून क्लिअर मारायला निघालो. तुम्ही ओरडलात, "अरे, आधी उतरवून घे!"

वेळा मात्र जुळेनात. सर्व्हर पडायचा रात्री २:१० ला, नोंद २०:४० ची. "त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. साडेपाच तास मिळव," तुम्ही म्हणालात. मग सगळं जागेवर बसलं: बी-२ स्लॉटमधल्या रॅमच्या दुरुस्त झालेल्या ईसीसी चुका (ईसीसी म्हणजे मेमरीतल्या चुका पकडून सुधारणारी सोय), ओळीमागून ओळ, कित्येक आठवडे, आणि शेवटी दुरुस्त न झालेली एक.

मी लगेच नवी रॅम मागवणार होतो. तुम्ही ती स्टिक ए-४ मध्ये घालून मेमरी टेस्ट लावायला सांगितलीत. चूक ए-४ वर आली, म्हणजे स्टिक खराब, स्लॉट ठणठणीत. स्लॉट खराब म्हणजे मदरबोर्डच खराब, या भीतीने माझी झोप उडाली होती, ती त्या एका अदलाबदलीने परत आली.

फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर) दुसऱ्या दिवशी अपडेट केलं: आधी बीएमसीचं, मग मशीन सुरू करणाऱ्या बायोसचं. बीएमसी रीस्टार्ट होताना पंखे विमानासारखे गरजले आणि माझा हात पॉवर केबलकडे गेला. "हात लावू नकोस, तो आपोआप शांत होईल." झालाही.

बीएमसीचा कंपनीतून आलेला पासवर्ड बदलायला लावलात, आणि ते पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर टाकायलाही. आयपीएमआय २.० (बीएमसीशी बोलण्याचा ठरलेला प्रोटोकॉल) लॉगिनआधीच विचारणाऱ्याच्या हाती पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड ताडून पाहता येतो असा सांकेतिक ठसा, देतो, हे ऐकून मी उडालोच. तेवढी एक गोष्ट सांगितली असतीत तरी मी ऋणी राहिलो असतो.

बिल पाठवा म्हटलं, तर हसलात. निदान दिवाळीचा फराळ तरी नाकारू नका.

आपला,
पतसंस्थेतला 'सर्व्हरवाला'

ता. क. बीएमसीचं घड्याळ यूटीसीवरच ठेवलंय. कॅबिनेटच्या दारावर खडूने लिहिलंय: + ५:३०.