आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : खाटा पुरे, ऑक्सिजनचे तास मोजा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न.

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. तेव्हापासून साथीच्या तयारीचा अहवाल म्हणजे खाटांची संख्या, असेच चालले आहे. ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. तो मांडतो.

एका जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो साडेअकरा तास पुरतो. असे चारच रुग्ण आले, तरी दिवसाला आठ सिलिंडरही पुरत नाहीत. ते भरून मिळतात शहरात. गाडी एकच, आणि ती अत्यवस्थ रुग्णाला घेऊन आधीच गेलेली. अशा वेळी खाट रिकामी असून उपयोग काय?

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रे, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, वाटले, चांगले केले. पण वीज गेली की ते थांबतात, आणि मिनिटाला पाच लिटर देणाऱ्या यंत्रावर अत्यवस्थ रुग्ण निभत नाही. बिघडले तर दुरुस्तीला माणूस नाही. उद्घाटनाच्या फोटोत तंत्रज्ञ कधी दिसत नाही, म्हणून त्याचे पदही निघत नसावे.

कोविडमध्ये अनेकांना धाप न लागताच रक्तातला ऑक्सिजन उतरायचा. त्यात अलगीकरणाच्या भीतीने लोक ताप लपवायचे. आमच्याकडे पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. गावातल्या आरोग्यसेविकेच्या हाती ऑक्सिमीटर असला, तर हाच रुग्ण वेळेत हाती लागतो. (त्याला सेल लागतात, हेही खरेदी विभागाला कळवावे.)

पण ही सेविका आहे कुठे? साथीत स्वॅब, सर्वेक्षण, नोंदी सगळे तिच्याच गळ्यात. मग गरोदर बायांची तपासणी, क्षयरोग्यांची औषधे आणि बाळांचे लसीकरण मागे पडते. २०२१ मध्ये जगभरात सुमारे अडीच कोटी बालकांच्या नेहमीच्या लसी पूर्ण झाल्या नाहीत. त्यातून पुढे गोवर उसळला, तर ते मृत्यू साथीच्या खात्यात कुणी लिहीत नाही.

म्हणून पुढच्या आढावा बैठकीत प्रत्येक केंद्राला तीनच प्रश्न विचारा. वीज आणि रस्ता दोन्ही बंद पडले, तर किती रुग्णांना किती तास ऑक्सिजन पुरेल? यंत्र बिघडले तर कोण येईल, आणि किती वेळात? सेविकेला साथीच्या कामाला लावले, तर तिच्या जागी कोण? बदली माणसाचे नाव लेखी मागा. ‘व्यवस्था करण्यात येईल’ असे उत्तर आले, तर ती जागा रिकामी आहे असे समजा.

आपला,
ग्रामीण रुग्णालयातील एक डॉक्टर