नशीबवान? मग पेरुजाच्या पावसाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आपल्या क्रीडा समीक्षकांनी इटालियन फुटबॉल कोच कार्लो अँचेलोत्तींवर अर्धं पान खर्ची घातलं, त्याबद्दल आधी आभार. एरवी फुटबॉलला आपल्याकडे अर्धं पान मिळायला विश्वचषक यावा लागतो. पण वाचून झाल्यावर चहा कडू लागला. लेखाचं सार एवढंच, की हा गृहस्थ नशीबवान आहे, त्याची स्वतःची अशी काही पद्धत नाही, मोठमोठे खेळाडू आयते मिळाले, याने च्युइंगम चघळत डावी भुवई वर केली आणि चषक चालत घरी आले. पेप गार्डिओलांवर हेच समीक्षक लिहितात तेव्हा मी कात्रणं काढून ठेवतो, इतकं चांगलं लिहितात. म्हणूनच राग जास्त आला.

नशिबाचंच बोलायचं तर मे २००० मधला पेरुजाचा सामना आठवा. अँचेलोत्ती तेव्हा तुरीनच्या युव्हेंटसचे कोच होते. युव्हेंटसला लीगच्या शेवटच्या दिवशी जिंकायचं होतं, मध्यंतरात आभाळ फाटलं, तासाभरापेक्षा जास्त खेळ थांबला, पंच कोलिना छत्री घेऊन मैदानाची पाहणी करत फिरले आणि चिखलात पुन्हा सुरू झालेला सामना युव्हेंटस १-० हरलं. लीग एका गुणाने लाझिओकडे गेली. पुढच्या वर्षी पुन्हा दुसरा क्रमांक, आणि नोकरी गेली. तुरीनचे प्रेक्षक तर त्यांना 'डुकराला कोच होता येत नाही' असं गाऊन दाखवत होते. २००५ मध्ये इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात त्यांच्या मिलानची मध्यंतरापर्यंत लिव्हरपूलवर ३-० आघाडी होती, ती गेली आणि पेनल्टींवर हरले, हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. चेल्सीला २०१० मध्ये लीग आणि एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) दोन्ही जिंकून दिले, लीगमध्ये १०३ गोल झाले. पुढच्या मोसमाचा शेवटचा सामना एव्हर्टनच्या मैदानावर संपला आणि काही तासांत, तिथेच, त्यांना घरी जायला सांगितलं. नापोलीने तर गेंकला ४-० हरवल्यावर त्याच रात्री काढलं. असं नशीब समीक्षकांना लाभो, असं मी म्हणणार नाही. मी त्यांचा वाचक आहे.

आता 'पद्धत नाही' या आरोपाकडे येतो. पद्धत होती हो! भरपूर होती. अरिगो साक्कींच्या मिलानमध्ये ते खेळले, दोन युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग) जिंकले, १९९४ च्या विश्वचषकात साक्कींचे सहायक होते. साक्की म्हणजे ४-४-२, चार बचावात, चार मध्ये, दोन पुढे, सगळा संघ एका दोरीत बांधल्यासारखा पुढेमागे हलणार, सरावात कधी कधी चेंडूसुद्धा नसायचा. हे सगळं डोक्यात भरून अँचेलोत्ती १९९६ मध्ये पार्माला कोच म्हणून आले आणि जानफ्रांको झोलासारख्या कलावंताला डाव्या बाजूला कडेला उभं केलं. झोला नोव्हेंबरमध्ये चेल्सीला निघून गेला आणि इंग्रजांनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात रॉबेर्तो बाज्जो पार्माला यायला तयार होता. याला पुढच्या फळीच्या मागे मोकळं खेळायचं आहे, माझ्या ४-४-२ मध्ये ती जागाच नाही, म्हणून अँचेलोत्तींनी नको म्हटलं. बाज्जो बोलोन्याला गेला आणि त्या मोसमात लीगमध्ये २२ गोल करून विश्वचषकाच्या संघात परत आला.

इथे मला थांबावंच लागेल, कारण असला एक बाज्जो मी जवळून पाहिला आहे.

आमच्या पेठेतल्या संघात एक डावखुरा मुलगा होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. शाहू स्टेडियमवर त्या काळात सामने पाहिलेल्यांना वर्णनावरून कळेल: उंची बेताची, पळणं आळशी, पण मधल्या फळीत चेंडू त्याच्या पायाशी आला की गॅलरीतली बडबड थांबायची. मी त्याच्या उजव्या अंगाला हाफ खेळायचो. माझं काम सोपं होतं, चेंडू हिसकावायचा आणि त्याला द्यायचा. बाकीचं तो बघायचा. मग एका मोसमाआधी संघाला नवे कोच आले. बाहेरगावी कसलासा कोर्स करून आले होते, सोबत जाडजूड वही. पहिल्याच दिवशी त्यांनी खडूने जमिनीवर वर्तुळं काढली, प्रत्येकाला आपापल्या वर्तुळात उभं केलं, आणि शेवटी हा पोरगा उरला. अकरा वर्तुळं आणि अकरा पोरं असूनही त्याचं वर्तुळ काही सापडेना. कोच म्हणाले, 'डावा पाय आहे ना, मग लेफ्ट बॅक.' म्हणजे डाव्या कडेचा बचाव. संपला विषय.

तो मुकाट्याने लेफ्ट बॅक खेळला. आम्ही उपांत्य सामना हरलो. दोन्ही गोल त्याच्या बाजूने आले, कारण समोरच्या राइट आउटच्या मागे पळणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि हे पेठेतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. सामना संपल्यावर कोचनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, 'वहीत लिहून दिलेलं वाचलं नव्हतंस का?' पुढच्या मोसमात त्याने बूट बांधले नाहीत. आम्ही घरी गेलो, आई म्हणाली, 'शेताकडं गेलाय.' परत गेलो, पुन्हा शेताकडं. तिसऱ्यांदा आमचीच जायची हिंमत झाली नाही.

ते कोच अजून आहेत. त्यांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळतं, आणि माइक हातात आला की 'संघापेक्षा कोणी मोठा नाही' हे वाक्य ते हमखास म्हणतात. टाळ्याही पडतात. संपादक महोदय, संघापेक्षा कोणी मोठा नाही हे मलाही मान्य आहे. पण वही संघापेक्षा मोठी कधी झाली?

तर अँचेलोत्ती. फरक असा, की त्यांनी ती वही मिटवली. बाज्जोला नाकारलं ही चूक होती, हे त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलं आहे. युव्हेंटसमध्ये झिदान होता. झिदानला कडेला लावायचा प्रश्नच नव्हता, मग त्याच्यासाठी संघाची मांडणीच बदलली. आणि नियतीची गंमत बघा. एप्रिल २००१ मध्ये ब्रेशाचा संघ तुरीनला आला. त्यांच्याकडे बाज्जो पुढे, आणि त्यांचे कोच कार्लो माझोनेंनी इंटर मिलानकडून उसना आणलेला आंद्रेया पिर्लो मागे, बचावफळीच्या पुढ्यात. शेवटच्या काही मिनिटांत पिर्लोने मागून लांब चेंडू टाकला, बाज्जोने तो पायावर अलगद झेलता झेलताच गोलकीपरला चकवलं, १-१. समोरच्या बाकावर अँचेलोत्ती होते! दोनच वर्षांनी त्याच जागेवर पिर्लोला खेळवून, वर रुई कोस्ता आणि सीडॉर्फ असे एकाच प्रकारचे चेंडूवाले खेळाडू एकत्र बसवून, त्यांनी मिलानला मँचेस्टरमध्ये युरोपचा चषक मिळवून दिला. एका संघात एवढे कलावंत मावत नाहीत, असं तोवर सगळे शहाणे म्हणत होते. मावले.

माझ्या मते हीच त्यांची पद्धत. आधी पोरं बघायची, मग वर्तुळं काढायची. २०१३ मध्ये रेआल माद्रिदला आल्यावर त्यांनी डी मारियासारख्या विंगरला, म्हणजे कडेने पळणाऱ्याला, मधल्या फळीत आणलं. बेन्झेमा गेल्यावर सेंटर फॉरवर्ड मिळेना, तर बेलिंगहॅमला पुढे मोकळं सोडलं. २०२२ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात वाल्वेर्देला उजव्या कडेला ठेवलं, आणि व्हिनिसियसच्या गोलचा पास तिथूनच आला. यात नशीब कुठे शोधायचं ते समीक्षकांनी सांगावं. त्याच मोसमात मँचेस्टर सिटीविरुद्ध नव्वदाव्या आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला रॉड्रिगोने दोन गोल केले, हा त्यांच्या लेखातला मुख्य पुरावा. मान्य, असले गोल रोज होत नाहीत. पण त्याआधी क्रूस, कासेमिरो आणि मॉड्रिच या तिघांनाही बाहेर काढायची छाती कोणाची होती? क्रूसच्या जागी आला तो हा रॉड्रिगोच. आणि अतिरिक्त वेळेत कोणाला आत पाठवू, हे बाकावर बसलेल्या क्रूसला आणि मार्सेलोला विचारत उभा असलेला कोच जगाने पाहिला. आमच्या वहीवाल्यांनी आम्हाला कधी पाणी प्यायचं तेही विचारलं नाही.

आता न्यायाने बोलायचं तर सगळीकडे हे चाललं नाही. बायर्नमध्ये सराव फारच सैल असल्याची कुरबुर होती आणि पॅरिसमध्ये ०-३ मार खाल्ल्यावर त्यांना काढलं, त्यात बायर्नचं फार चुकलं असं मला वाटत नाही. एव्हर्टनला अॅनफिल्डवर १९९९ नंतरचा पहिला विजय मिळवून दिला खरा, पण मोसम दहाव्या क्रमांकावर संपला. ज्या संघात कलावंतच नाहीत तिथे कलावंतांना मोकळीक देऊन काय होणार? हा मुद्दा समीक्षकांनी मांडला असता तर मी गप्प बसलो असतो. त्याऐवजी त्यांनी मुलगा दावीदे सहायक होता म्हणून घराणेशाही काढली. घराणेशाहीवर लिहायला आपल्या जिल्ह्यात विषय कमी पडले काय?

जाता जाता दुसरं गाऱ्हाणं. चॅम्पियन्स लीगचे सामने आपल्याकडे मध्यरात्र उलटल्यावर संपतात, त्यामुळे सकाळच्या अंकात निकाल नसतो, हे समजू शकतो. छपाईच्या वेळा असतात. पण मग तो दुसऱ्या दिवशीच्या अंकातही का नसतो? तेव्हा म्हणे बातमी शिळी झाली. म्हणजे आदल्या दिवशी ताजी म्हणून नाही आणि दुसऱ्या दिवशी शिळी म्हणून नाही. आयपीएलमधल्या कोणाच्या पोटरीला आलेला गोळा मात्र तीन दिवस ताजा राहतो. हे फुटबॉलचं गाव आहे, पेठेच्या सामन्याला गॅलरी भरते, याची संपादकीय विभागाला कल्पना असावी.

आपला,
एक जुना राइट हाफ, कोल्हापूर

ता. क. : लेखात अँचेलोत्तींनी कोच म्हणून चार वेळा युरोपचा चषक जिंकल्याचं छापलं आहे. पाच वेळा. २००३, २००७, २०१४, २०२२ आणि २०२४. खेळाडू म्हणून जिंकलेले दोन वेगळे. युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा पहिला कोच तोच, हेही राहून गेलं आहे. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया 'आजचा सुविचार'च्या खाली छापू नका, ते कोणी वाचत नाही.